घरच्या अंगणात मारुती ८०० चं इंजिन बदलायचंय? मग आधी हे वाचा

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यातल्या आमच्या अकोटा भागातल्या सोसायटीत शिरलं. काळाघोड्याच्या पुलाशी नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. त्या वेळी पाणी तिच्या कितीतरी वर गेलं होतं. पोर्चमध्ये उभी असलेली आमची २००८ ची मारुती ८०० बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरलं, चिखल उपसला, आणि मी पहिलं काम काय केलं असेल, तर किल्ली फिरवली. "खट्" झालं आणि सेल्फ जागच्या जागी अडकला. मग प्लग काढून पाणी उडवलं, एक दिवस वाळू दिलं, पुन्हा सेल्फ मारला, तर गाडी चक्क सुरू झाली. आतून टकटक येत होती. येईना का, सुरू तर झाली! दोन दिवस चालवली. तिसऱ्या दिवशी अकोटा–दांडिया बाजार पुलावर कनेक्टिंग रॉड इंजिनचा ब्लॉक, म्हणजे मुख्य धड, फोडून बाहेर आला. भोक असं, की माझा अंगठा आरामात आत जात होता.

त्यानंतरचे पाच महिने मी, माझा भाचा आणि शेजारचे एक काका (हे मकरपुरा जीआयडीसीत फिटर म्हणून निवृत्त झालेले) यांनी मिळून ते इंजिन काढलं आणि दुसरं बसवलं. माझा धंदा गाड्यांचा नाही. म्हणून जिथे जिथे अडलो तेवढं नीट लक्षात आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं मारुती ८०० बद्दल आहे. तीन सिलेंडरचं, ७९६ सीसीचं हलकं इंजिन, बॉनेटखाली हात फिरवायला भरपूर जागा, आणि सामान कुठेही मिळतं. तुमच्याकडे डिझेल किंवा टर्बोची गाडी असेल तर घरी या भानगडीत पडू नका.

१. इंजिन खरंच गेलंय का, ते आधी बघा

उभ्या गाडीत पाणी एअर फिल्टरच्या तोंडातून आत जातं आणि ज्या सिलेंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असेल त्यात साचतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की पिस्टन वर येताना पाण्यावर आपटतो आणि त्याला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. माझं झालं ते हेच. म्हणजे पुरात इंजिन बुडालं होतं, मारलं मी.

बुडालेल्या गाडीला किल्ली लावू नका. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. तिन्ही प्लग काढा. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, सावकाश दोन फेरे फिरवा. पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येईल. डिपस्टिक काढून बघा. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर ते सगळं काढून नवं भरा, थोडं चालवून पुन्हा बदला. हाताने मोकळं फिरतंय आणि तिन्ही सिलेंडरचं कंप्रेशन (आत हवा किती जोरात दाबली जाते ते, गेज लावून मोजतात) एकमेकांच्या जवळपास आहे, तर इंजिन वाचलं. पुढचं वाचायची गरज नाही, सुखाने गाडी चालवा.

एका सिलेंडरचं कंप्रेशन बरंच खाली असेल किंवा आतून टकटक येत असेल, तर मात्र चालवून बघू नका. त्या अवस्थेत रॉड आणि एखादा पिस्टन बदलून इंजिन वाचतं. ब्लॉक फुटला की खेळ संपला.

आणखी एक. इंजिन घ्यायला निघण्याआधी डॅशबोर्डखालचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, उघडून बघा. आत गाळ शिरला असेल, पिनांवर हिरवा गंज आला असेल, तर आधी त्याचा निकाल लावा. नवं इंजिन बसवून झाल्यावर ईसीएम मेलाय असं कळणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघण्यासारखं आहे.

२. विमा आणि आरटीओ: पाना हातात घेण्याआधी

विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराच्या नुकसानाचा एक रुपयाही मिळत नाही. माझा तसाच होता. फुल विमा असला तरी पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनचं नुकसान बहुतेक पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घेतलेलं लागतं. ते असेल तर गाडीला हात लावण्याआधी कंपनीचा सर्व्हेयर बोलवा. इंजिन खोलल्यावर क्लेम मागायला गेलात तर कोणी ऐकणार नाही.

आता आरटीओ. इंजिन नंबर आरसीवर छापलेला असतो, त्यामुळे इंजिन बदललं की आरसी बदलते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ यासाठीच आहे. साधा अर्थ असा: त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन घाला, आधी परवानगी घ्या आणि बदल आरसीवर चढवून घ्या. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलंय की गाडी कंपनीच्या मूळ बांधणीपेक्षा वेगळी करता येत नाही. तेव्हा ८०० मध्ये स्विफ्टचं इंजिन वगैरे स्वप्नं असतील तर ती व्हिडिओत बघण्यापुरतीच ठेवा.

आपलं बडोद्याचं आरटीओ दरजीपुऱ्याला. जाताना मी ही फाइल नेली होती:

- आरसी, विमा, पीयूसी आणि आधारची प्रत
- गाडीची १५ वर्षं झाली असतील तर नूतनीकरणाचा कागद (माझ्या गाडीचं २०२३ मध्ये झालं होतं)
- इंजिन का बदलायचं ते सांगणारा साधा अर्ज, सोबत फुटलेल्या ब्लॉकचे फोटो
- गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती
- नव्या इंजिनचं बिल, त्यावर इंजिन नंबर लिहिलेलाच हवा
- ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत

शेवटच्या दोन कागदांसाठी विक्रेते टाळाटाळ करतात. "काका, चालशे, बिलनी शी जरूर?" (चालेल, बिलाची काय गरज?) असं म्हणतात. चालत नाही. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या बॉनेटखाली निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. एनसीआरबीच्या (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) 'वाहन समन्वय' सेवेत नंबर टाकून गाडी चोरीच्या नोंदीत आहे का ते बघता येतं. पैसे देण्याआधी बघा.

३. इंजिन विकत घेताना

मी इथेच सगळ्यात मोठी ठेच खाल्ली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या दुकानात मला "एटहंड्रेडचंच, ७९६ सीसी" म्हणून एक स्वच्छ धुतलेलं इंजिन दाखवलं. भाव ठरला, बयाणा दिला. काका सोबत होते म्हणून वाचलो. त्यांनी खिशातून फडकं काढून ब्लॉकवरचा नंबर पुसला. सुरुवातीची अक्षरं होती एफ८डी. ऑल्टोचं इंजिन! तेही ७९६ सीसीचंच, पण त्याच्या हेडला १२ व्हॉल्व्ह. आमच्या एफ८बीला ६. हेड वेगळं, मॅनिफोल्ड वेगळं, वायरिंग वेगळं, ईसीएमही वेगळा. आणि आरटीओत तर नंबर वाचूनच परत पाठवतील. बयाणा बुडाला तो बुडालाच.

दुसरा सापळा ओम्नीचा. तिचंही इंजिन एफ८बी, त्यामुळे नंबरची अक्षरं जुळतात. पण ओम्नीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं ओढतं. ८०० मध्ये ते आडवं बसतं. त्यामुळे फाउंडेशनच्या जागा आणि बाजूचं बरंच सामान वेगळं असतं. 'थोडं वेल्डिंग केलं की बसतं' म्हणणारा भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे चला.

तिसरा सापळा म्हणजे कार्बोरेटरच्या काळातलं इंजिन. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या, गाडीला (आमची तशीच) एमपीएफआयचंच, आणि शक्यतो त्याच काळातलं घ्या.

खाली ठेवलेलं सुटं इंजिन कसं तपासायचं? ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. पांढरा, साबणासारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलेलं आहे. क्रँक पुली हाताने धरून आत-बाहेर ढकला. जाणवण्याइतकी हलली तर सोडून द्या. प्लग काढायला लावा. तिन्हींचा रंग साधारण सारखा, फिकट तपकिरी हवा. एक काळाकुट्ट आणि तेलकट निघाला तर त्या सिलेंडरच्या रिंगा गेल्या असं धरा. गिअरबॉक्स जोडलेला असेल तर सेल्फला बॅटरी लावून इंजिन फिरवता येतं. कंप्रेशन गेज स्वतःचा न्या आणि तिन्ही आकडे लिहून घ्या. तिघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मी तरी घेणार नाही. दुकानदार म्हणाला 'मला एवढा वेळ नाही', तर पुढच्या दुकानात जा. सगळ्यात उत्तम म्हणजे ठोकलेल्या गाडीत अजून बसवलेलं आणि तुमच्यासमोर सुरू होणारं इंजिन. आम्हाला डिसेंबरमध्ये तसं मिळालं, मागून ट्रकने चेपलेल्या एका ८०० मध्ये.

इंजिनच्या किमतीवर बजेट संपवू नका. माझे इंजिनला लागले त्याच्या निम्म्याहून जास्त पैसे किरकोळ सामानात गेले.

४. हत्यारं आणि सामान

पाने १०, १२, १४ आणि १७ नंबरचे, रिंग आणि गोटी (सॉकेट) दोन्ही. या चारांवर जवळपास सगळी गाडी खुलते. याशिवाय लांब दांडा, पकड, टॉमी (उचकटायची पहार), जॅक, उचललेली गाडी टेकवायला दोन घोड्या, टॉर्क रेंच, गंजलेल्या बोल्टांसाठी स्प्रे. टॉर्क रेंच विकत घ्यायची गरज नाही, भाड्याने किंवा ओळखीवर आणा. पण आणा.

चेन कप्पी एक टनाची घ्या. गिअरबॉक्ससकट इंजिनचं वजन १०० किलो धरून चालायचं, मग एक टन कशाला? कारण अडकलेलं इंजिन ओढताना साखळीवर येणारा जोर वजनापेक्षा बराच जास्त असतो. भाड्याने सहज मिळते. घेताना साखळी पूर्ण वर-खाली फिरवून बघा आणि ओझं धरून ती जागेवर थांबते का तेही बघा.

इंजिन बाहेर आहे तोवर बदलायचं सामान: टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, क्रँकचं मागचं ऑइल सील, वॉटर पंप, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, क्लच बेअरिंग, तिन्ही फाउंडेशन (इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं त्यांना गॅरेजात हेच म्हणतात), अॅक्सलची ऑइल सील, पाण्याचे सगळे होज, थर्मोस्टॅट, पॅकिंगं. मागचं ऑइल सील स्वस्त म्हणून टाळू नका. ते बसल्या गाडीत गळू लागलं तर गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागतो.

५. जागा

पोर्चच्या स्लॅबला पंख्याचा हूक असतो. प्रत्येकाला वाटतं, याला कप्पी टांगू. टांगू नका. तो हूक पंख्यासाठी आहे. स्लॅबचा तुकडा आणि इंजिन एकदमच खाली येतील, आणि खाली तुम्ही असाल.

आम्ही लोखंडी पाइपांची मजबूत तिपाई भाड्याने आणली. गाडी मागे रेटून पोर्चमध्ये घातली, अशी की तिचं तोंड तेवढं बाहेर अंगणात, मोकळ्या आकाशाखाली येईल. पोर्चखाली तिपाईला उंची मिळत नाही. कप्पी, साखळी, इंजिन आणि खाली गाडीचा पुढचा पत्रा ओलांडण्याएवढी जागा, सगळं मोजलं तर आठ-साडेआठ फूट सहज लागतात. तिपाईचे पाय फरशीवर सरकतात. म्हणून तिन्ही पायांखाली लाकडी फळ्या आणि तिन्ही पाय एकमेकांना साखळीने बांधलेले.

कोणता दिवस निवडायचा हेही सांगतो. नवं इंजिन आम्ही जानेवारीत बसवायला काढलं आणि १४ तारीख धरली. सुट्टी ना! उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या दिवशी बडोद्यात साखळी धरायला माणूस मिळेल असं मला का वाटलं, देव जाणे. भाचा गच्चीवर, काका त्यांच्या गच्चीवर, १५ ला वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस. तिपाईचं दोन दिवसांचं भाडं फुकट गेलं, वर तिच्यात मांजा अडकला तो वेगळाच.

६. सोडवायला सुरुवात

पहिला दिवस फक्त फोटो आणि चिठ्ठ्यांचा. प्रत्येक वायर, होज, केबल सुटी करण्याआधी फोटो. मग दोन्ही टोकांना मास्किंग टेप, दोन्हींवर एकच नंबर. चिठ्ठी लिहिताना 'ही वरची' असं लिहू नका, दोन महिन्यांनी वरची कुठली ते आठवत नाही. 'हेडच्या डाव्या टोकाचा सेन्सर, हिरवा प्लग' असं लिहा. बोल्टांसाठी श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम. प्रत्येक भागाचा एक डबा, झाकणावर नाव. आमच्याकडे १४ डबे झाले. पंधरावा म्हणजे माझ्या शर्टाचा खिसा. त्यातले बोल्ट वॉशिंग मशीनमध्ये सापडले.

मग हा क्रम:

बॅटरी आणि तिचा ट्रे काढा. बॉनेट काढा, बिजागरीच्या कडेने आधी मार्करची रेघ मारून, म्हणजे परत तिथेच बसेल. पाणी, इंजिन ऑइल, गिअर ऑइल काढून घ्या. रेडिएटर पंख्यासकट बाहेर. एअर फिल्टरचा डबा बाहेर.

पेट्रोलची लाइन सोडताना जपा. एमपीएफआयच्या लाइनमध्ये दाब असतो. चालू इंजिन असेल तर पंपाचा फ्यूज काढून ते बंद पडेपर्यंत चालवतात. आमचं इंजिन मेलेलं, म्हणून जोडावर जाड फडकं गुंडाळून सावकाश ढिला केला. आसपास बिडी-सिगारेट नाही, देवघरातला दिवा नाही, उघडा दिवा-बल्ब नाही. वाळूची बादली शेजारी.

एसी असेल तर गॅसचे पाइप उघडू नका. कंप्रेसर बोल्ट काढून पाइपांसकट बाजूला सरकवा आणि तारेने बांधून ठेवा.

अॅक्सिलरेटर, क्लच आणि स्पीडोमीटरची केबल. हीटरचे दोन होज. सगळे वायरिंगचे प्लग. बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी. सायलेन्सरचा पुढचा पाइप. त्याचे बोल्ट गंजलेले असतात, आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. जोर लावून तोडलात तर तुटलेला तुकडा काढायला लेथवाल्याकडे जावं लागतं.

आता गाडी घोड्यांवर. खाली गिअरचा रॉड आणि त्याच्या शेजारचा आधाराचा रॉड सोडा. दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट सोडून अॅक्सलची (गिअरबॉक्समधून चाकांना फिरवणारे दांडे) फक्त आतली टोकं टॉमीने गिअरबॉक्समधून बाहेर ढकला. बाहेरची टोकं चाकातच राहू द्या. गाडी चाकांवर ढकलायची आहे आणि बेअरिंगला त्यांचाच आधार असतो. आतली टोकं तारेने बांधून ठेवा, लोंबकळू दिली तर रबरी बूट फाटतात. मग बॉल जॉइंट हातघट्ट लावून गाडी परत जमिनीवर घ्या.

७. उचलणं

साखळी इंजिनच्या हेडवरच्या उचलायच्या हुकांना. हूक नसतील तर ब्लॉक किंवा हेडच्या जाड बोल्टाला, मॅनिफोल्डच्या बोल्टाला कधीच नाही. गिअरबॉक्सची बाजू जड असते, इंजिन तिकडे झुकतं, त्यामुळे साखळीची ती बाजू आखूड ठेवा. साखळीला जरासा ताण द्या आणि मगच फाउंडेशनचे बोल्ट काढा.

एक माणूस कप्पीवर, एक इंजिनला हाताने दिशा द्यायला, एक नुसता बघायला. हा तिसरा महत्त्वाचा. इंजिनखाली कोणाचाही हात, पाय, डोकं नाही. काका एकच शब्द म्हणत होते, "थांब." दर चार कड्यांनी थांब, खाली वाकून बघ, काही अडकलंय का.

तरीही अडकलं. साखळी ओढतोय, इंजिन वर येतंय, आणि अचानक गाडीचं तोंडही त्याच्यासोबत वर येऊ लागलं. वजन कमी झालं की स्प्रिंगा थोड्या उचलतातच, ते ठीक. पण चाकं जमीन सोडू लागली तर काहीतरी जोडलेलं राहिलंय. आमचा गिअरचा रॉड राहिला होता. मी 'सोडला' म्हणून सांगितलं होतं, सोडला होता फक्त शेजारचा. रॉड सुटला तसं इंजिन झोका घेऊन मागच्या पत्र्यावर आदळलं आणि हीटरच्या पाइपाचं तोंड चेपलं. म्हणून इंजिन आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये जुनी गोधडी अडकवून ठेवा.

इंजिन पुढच्या पत्र्याच्या वर आलं की त्याला जागेवरच टांगलेलं ठेवा आणि गाडी मागे ढकला. इंजिन हलवायचं नाही, गाडी हलवायची. मग खाली दोन जुने टायर टाकून त्यांच्यावर उतरवा. प्रत्यक्ष उचलायला आम्हाला तास-सव्वातास लागला. त्याच्या आधीच्या सोडवासोडवीला दोन रविवार.

८. नवं इंजिन तयार करणं

आधी धुवून घ्या, तोंडं चिंध्या कोंबून बंद करून. किती चिंध्या कोंबल्या ते मोजा. काढताना तेवढ्याच निघायला हव्यात.

टायमिंग बेल्ट बदलताना कॅम आणि क्रँकच्या पुलीवरच्या खुणा जुळवा. बेल्ट बसवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासा. एक दात पुढे-मागे झाला तरी गाडी सुरू होईल, पण ओढणार नाही, आणि तुम्ही महिनाभर पेट्रोलला दोष देत बसाल.

क्लच प्लेट मधोमध बसणं फार महत्त्वाचं. यासाठी डमी शाफ्ट मिळतो. आम्ही लाकडी दांडक्याला टेप गुंडाळून जाडी जुळवली आणि काम झालं. प्लेटच्या कोणत्या बाजूचं तोंड कुठे ते नीट बघा. नव्या प्लेटला ग्रीसचे हात लावू नका.

ब्लॉक आणि गिअरबॉक्सच्या मधल्या डॉवेलच्या, म्हणजे दोन्ही नेमके जुळवणाऱ्या, नळ्या जुन्या इंजिनवरून घ्यायला विसरू नका. गिअरबॉक्स जोडताना तो शेवटपर्यंत हाताने सरकला पाहिजे. बोट-दोन बोट फट राहिली आणि तुम्ही बोल्ट आवळून ती बुजवायला गेलात, तर गिअरबॉक्सचा कान तुटतो. आम्ही चार वेळा जोडून सोडला. पाचव्यांदा काकांनी मागून क्रँक जरासा फिरवला आणि तो आपोआप "टप्" बसला.

९. बसवणं

उलटा क्रम. यात सांगण्यासारखं कमी, कारण तुमच्या चिठ्ठ्या बोलतात. फाउंडेशनचे सगळे बोल्ट आधी हाताने पकडवा, मग आवळा. एकच आधी पूर्ण आवळला तर बाकीची भोकं जुळत नाहीत. अॅक्सल आत ढकलताना क्लिप बसल्याचा झटका हाताला जाणवतो. नाही जाणवला तर बसलेला नाही. बॉल जॉइंट आता टॉर्कने आवळा, आधीचा हातघट्ट विसरू नका. आणि अर्थिंगची पट्टी! ती राहिली तर सेल्फ मेल्यासारखा वागतो आणि माणूस नवा सेल्फ विकत घेतो.

१०. पहिला सेल्फ

ऑइल ३ लिटरच्या आसपास लागतं, पण डिपस्टिक सांगेल ते खरं. गिअर ऑइल भरलंय ना? काढलेलं भरायचं राहतं. कूलंट भरताना हीटरचा नॉब गरमवर ठेवा, म्हणजे त्या बाजूची हवा निघते.

पुरातली गाडी असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून टाका. खाली पाणी बसलेलं असतं.

आता प्लग काढलेले आणि पंपाचा फ्यूज काढलेला, अशा अवस्थेत पाच-सहा सेकंदांचा सेल्फ मारा, थांबा, पुन्हा मारा, जोवर ऑइलचा दिवा विझत नाही. मग प्लग लावा, तारा १-३-२ या फायरिंग ऑर्डरने, आणि फ्यूज परत.

आमची तिसऱ्या सेल्फला उठली. धूर पाहून शेजारणीने खिडकी लावली. नव्या पॅकिंगवरचं तेल-ग्रीस जळतं, पहिली दहा मिनिटं धूर येतोच. पण ऑइलचा दिवा विझला नाही तर लगेच बंद करा, 'बघू, विझेल' नाही. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होईपर्यंत इंजिन उभ्या जागी चालू ठेवा, गाडीखाली पुठ्ठा टाकून. पुठ्ठ्यावरचा डाग कुठे पडला त्यावरून गळती कळते. आमची वॉटर पंपाच्या होजची क्लिप ढिली होती.

पहिल्या दिवशी सोसायटीतच फेऱ्या मारा. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, फाउंडेशनचे आणि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा तपासा.

११. राहिलेले कागद

परवानगी घेतली असेल तर आता गाडी घेऊन दरजीपुऱ्याला. इन्स्पेक्टर इंजिन आणि चेसिस नंबर बघतो, पेन्सिलने त्यांची छाप घेतात. म्हणून नंबरची जागा आधी घासून स्वच्छ ठेवा, रंग मारू नका. काही कारणाने आधी परवानगी राहिली असेल तर बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवायला कायदा सांगतो. ते टाळू नका. नवी आरसी आली की विमा कंपनीला तिची प्रत पाठवून पॉलिसीवरचा इंजिन नंबर बदलून घ्या. अपघात झाल्यावर नंबर जुळत नाही म्हणून क्लेम अडतो. पीयूसी नवी काढा.

जुनं ऑइल गटारात ओतू नका, ते आपल्या विश्वामित्रीतच जातं. ऑइल गोळा करणारे गॅरेजवाल्यांकडून नेतात, त्यांना द्या. जुना फुटका ब्लॉक नवी आरसी हातात पडेपर्यंत विकू नका. आरटीओत तो दाखवा म्हणाले तर कुठून आणाल? आणि विकताना भंगारवाल्याकडून पावती घ्या, तिच्यावर जुना इंजिन नंबर लिहून, कारण तो नंबर अजून तुमच्याच नावाने ओळखला जातो.